अभयदानाचा ससा

फतेचंदांनी सशाला पहिल्यांदा मांडीवर उताणं निजवलं तेव्हा सगळं घर कौतुकानं भोवती जमलं होतं. क्षणापूर्वी मागच्या पायांनी धोतर ओरबाडणारं ते पांढरं जनावर पाठ मांडीला टेकताच एकाएकी निश्चल झालं. पुढचे पाय छातीशी दुमडलेले, मागचे लांब ताणलेले, डोळे सताड उघडे. फतेचंदांनी दोन्ही हात काढून घेतले तरी ते हललं नाही.

"बघा, सामायिकात बसलाय," ते म्हणाले.

सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर, मनात राग-लोभ येऊ न देता बसणं. त्यांच्या पत्नी चंदाबाई तशी रोज दोन सामायिकं करीत. नवऱ्याच्या विनोदांना त्या सहसा हसत नसत. त्या दिवशी हसल्या. नातू अरिहंत टाळ्या पिटू लागला. घरकामाला येणारी कुशाबाई भांड्यांची पाटी घेऊन दारात उभी होती. ती तेवढी हसली नाही.

"शेटजी, त्यो निजला न्हाई. भ्यालाय त्यो."

"भ्यालेला जीव पळतो, कुशाबाई. असा पडून राहतो का?"

"पळाया जागा आसंल तर पळतो. आमच्या डिंगोऱ्याला वावरात घार खाली आली की सशाचं पिल्लू आसंच पडतंय. मेल्यावानी."

"तुला सगळीकडे घारच दिसते."

"मला काय करायची घार? मला उचलायला क्रेन लागंल," कुशाबाई म्हणाली आणि पाटी घेऊन मोरीकडे वळली. सगळे पुन्हा हसले.

फतेचंदांची सून रिंकू सशाच्या अगदी जवळ बसली होती. त्याची नाकपुडी इतक्या वेगानं थरथरत होती की ती थरथर नीट दिसतही नव्हती, नुसती जाणवत होती. पण सासरे खुशीत होते आणि मुलगा हसत होता. तिनं नजर त्या नाकपुडीवरून काढून घेतली.

हे घर ओतूरच्या पेठेत, किराणा दुकानाच्या मागे होतं. फतेचंदांचे आजोबा राजस्थानातून इथं आले, आणि आता घरात मराठीच बोलली जात असे. मारवाडी उरली होती ती नात्यांच्या हाकांपुरती आणि सणावारापुरती. ससा या घरात आला तो एका भयंकर दिवशी. त्या फाल्गुनात सहा वर्षांच्या अरिहंतला टायफॉईड झाला होता आणि नारायणगावच्या एका दवाखान्यात तो पंधरा दिवस पडून होता. पंधराव्या दिवशी ताप इतका चढला की त्याला माणसं ओळखू येईनात. फतेचंद त्या दुपारी त्याला पुण्याला हलवण्यासाठी एका सोयऱ्याची गाडी मागायला राजुरीला गेले. वाटेत एका शेडपाशी त्यांना जाळीचे पिंजरे दिसले. मांसासाठी ससे पाळण्याचा धंदा तिथं कुणीतरी नव्यानं काढला होता. एक माणूस पांढऱ्या सशाला कानांना धरून बाहेर काढत होता आणि गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं होतं. फतेचंद मध्ये पडले. हा जीव मला द्या, आणि जिवंत द्या, एवढंच ते म्हणाले. मरणाच्या दारातून जीव सोडवणं म्हणजे अभयदान, आणि त्याहून मोठं दान जैन माणसाला ठाऊक नाही.

त्याच संध्याकाळी अरिहंतचा ताप उतरला.

औषधं पंधरा दिवस चालूच होती, आणि ती अंगात भिनायला तेवढा काळ लागतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. रिंकूलाही माहीत होतं. ती पुण्याला बी. कॉम. झाली होती. पण संध्याकाळ तीच होती. घरी आल्यावर कडू औषध घ्यायला मुलगा नाही म्हणू लागला की ती त्याला पिंजऱ्यापाशी नेई. "तुझं दुखणं यानं घेतलं. हा आहे तोवर तुला काही होत नाही," असं म्हणे, आणि चमचा तोंडात घाली.

चंदाबाईंनी ते एकदा ऐकलं.

"रिंकू, मुलाला खोटं शिकवू नकोस. कुणाचं आयुष्य कुणाच्या आयुष्याला बांधलेलं नसतं. ज्याचं कर्म त्याच्यापाशी."

"औषधासाठी म्हणते, मम्मीजी."

"औषध संपेल. बोललेलं राहील."

रिंकूनं मान हलवली. पण त्यानंतर रोज सकाळी जाग आल्याबरोबर ती आधी अरिहंतच्या कपाळाला हात लावी आणि मग सशाच्या पिंजऱ्यात डोकावून बघे. हळूहळू क्रम उलटा झाला. तो कधी उलटा झाला हे तिला कळलं नाही.

आषाढात सशाची नखं वाढून जाळीत अडकू लागली, म्हणून आदेशला बोलावणं गेलं. आदेश घोडेगावचा, गुरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. लोक त्याला डॉक्टर म्हणत, आणि तो दर वेळी "डॉक्टर नाही हो मी" म्हणून मग कामाला लागे.

"मी गाईम्हशींचा माणूस. पण प्रशिक्षणात पंधरा दिवस सशांच्या केंद्रावर काढलेत. वहिनी, एक रिकामं पोतं द्या," तो म्हणाला.

त्यानं पोत्याची घडी फरशीवर पसरली, म्हणजे सशाचे पाय घसरू नयेत. मग तो स्वतः जमिनीवर बसला. एक तळवा सशाच्या छातीखाली, दुसरा मागच्या अंगाखाली, आणि सशाची कूस आपल्या पोटाशी टेकवलेली. ससा त्याच्या शर्टाच्या घडीत तोंड खुपसून बसला.

"जमिनीजवळ बसूनच सगळं करायचं. कानाला धरायचं नाही. कमरेला आवळायचं तर मुळीच नाही. याच्या मागच्या पायांत केवढा जोर असतो माहितीये? आणि पाठीचा कणा म्हणजे वाळकी तुरकाठी. तुम्ही घट्ट धरलं आणि यानं लाथ झाडली की स्वतःच्याच लाथेनं मोडतो. सुटू बघतोय असं वाटलं की खाली ठेवून द्या. सुटू द्या. पळून जातो कुठं? पलंगाखाली."

"उताणा केला की अगदी शांत पडतो," फतेचंद म्हणाले. "तसाच धरून नखं काढा की."

"शांत नसतो शेठजी. भीतीनं बधिर होतो. आणि बधिरपणातून जागा होताना सांगून होत नाही."

कुशाबाई मोरीतून ओरडली, "सांगितलं व्हतं मी! पर माझ्यापाशी शिक्का न्हाई ना सरकारी!"

आदेशनं नखं काढली, ओठ हलकेच वर करून दात पाहिले, कानांत डोकावला आणि शेवटी शेपटी उचलून खालची लव बोटानं विंचरून दाखवली. "हे पावसाळ्यात रोज. इथं ओलं राहिलं, लेंडी चिकटली, की माशी बसते. माशी बसली की एक दिवस पुरतो. आणि पिंजरा रोज उकळत्या पाण्यानं धुवायचा. फिनेल चालेल."

यावर चंदाबाई पहिल्यांदा बोलल्या. चातुर्मासात त्या उकळतं पाणी उघड्यावर ओतू देत नसत. फटीतले बारीक जीव त्यानं मरतात. त्या घराचा एक शब्द होता, जयणा. उठता-बसता, चालता-झाडता, आपल्या हालचालीखाली कुणी चिरडत नाही ना एवढं बघत राहणं. पिंजरा झाडायला त्यांनी मऊ लोकरीची पूंजणी ठेवली होती आणि तिनं त्या स्वतः कोपरा न कोपरा झाडीत.

"झाडून ओल जात नाही, आजी," आदेश म्हणाला.

"गवत रोज बदलू. पाणी नाही."

आदेशनं आपलं सामान पिशवीत भरलं. माणसं वाईट नाहीत, हे त्याला दिसत होतं. "मग शेपटीखाली दिवसातून दोनदा बघा," तो रिंकूला म्हणाला. "एकही दिवस चुकवू नका."

रिंकूनं श्रावण संपत येईपर्यंत एकही वेळ चुकवली नाही. सकाळी अंघोळ झाल्यावर आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत ती पोतं अंथरून बसे. ससा आता तिच्या हाताला सरावला होता. त्याच्या छातीचे ठोके तिच्या तळव्याला लागत. ते भरभर पण सारखे असले की तिचा दिवस नीट जाई.

मग पर्युषण आलं. आठ दिवस घर जैन स्थानकाकडे जाऊ-येऊ लागलं. तिथं साध्वीजींची प्रवचनं होती. चंदाबाईंनी आठही दिवसांचा उपवास धरला होता. उकळून निववलेल्या पाण्यावर त्या होत्या आणि दिवसेंदिवस त्यांचा आवाज बारीक होत होता. रिंकूचा नवरा विपुल माल आणायला पुण्याला गेला होता. बाहेर पाऊस सरळ पडत नव्हता आणि उघडतही नव्हता. भिंती घामेजल्यासारख्या दिसत होत्या. माश्या छताला नाही, खालीच बसत होत्या.

चौथ्या दिवशी रिंकूला बाजूला बसावं लागलं. त्या घरात पाळीचे तीन दिवस बाईनं मागच्या खोलीत राहायचं. स्वयंपाक, पाणी, धर्माची उपकरणं, कशालाच हात लावायचा नाही. सशाचा पिंजरा सामायिकाच्या खोलीत होता. लग्न झाल्यापासून हे तिनं मनाला न लावता पाळलं होतं. खरं म्हणजे तेवढीच तिला विश्रांती मिळे. या वेळी तिनं दारातूनच सांगितलं, "बाबूजी, शेपटीखाली बघाल का? दोनदा?"

"बघतो. तू काळजी सोड."

पाचव्या दिवशी सकाळी तिला फतेचंदांचा आवाज ऐकू आला. ते अरिहंतला म्हणत होते, "हा बघ, सामायिकात." म्हणजे ससा मांडीवर उताणा होता.

"बाबूजी, शेपटीखाली कोरडं आहे ना?" तिनं विचारलं.

"कोरडंच आहे गं. लवेत रव्यासारखं काहीतरी चिकटलंय. दुकानातल्या पोत्यावर बसला असेल."

रिंकू उभी राहिली. उंबरा तिच्यापासून दोन पावलांवर होता. "ते काढून टाका, बाबूजी."

"उपटलं तर त्याला दुखेल. संध्याकाळी पूंजणीनं जयणेनं काढतो."

संध्याकाळी प्रवचन लांबलं. रिंकू मागच्या खोलीत कान देऊन बसली होती. पिंजऱ्यात एरवी ससा गवत ओढी, भांडं आपटी. त्या संध्याकाळी काहीच वाजलं नाही. सहाव्या दिवशीही नाही. "शांत आहे आज," चंदाबाई म्हणाल्या. कुशाबाईला तिनं हाक मारली असती, पण कुशाबाईचा दीर वारला होता आणि ती दोन दिवस डिंगोऱ्यातच होती. उंबरा दोन पावलांवरच होता. रिंकू त्याच्याकडे बघत बसली आणि तिनं तो ओलांडला नाही.

सातव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून, केसही न पुसता, ती थेट सामायिकाच्या खोलीत गेली. दारातच तिला वास लागला. गोडसर, कुजका, उसाच्या चोथ्यासारखा. ससा कोपऱ्यात पाठ काढून बसला होता. तिनं त्याला आदेशनं शिकवल्याप्रमाणे उचललं, पोत्यावर घेतलं आणि शेपटी वर केली.

लव जागची हलत होती. लवेखाली कातडी उरली नव्हती.

तिनं ओरडायचं टाळलं. दुकानात जाऊन गुरांच्या दवाखान्याला फोन लावला. आदेश लसीकरणाला मढ गावाला गेला होता. तिथल्या एका दुकानाचा नंबर मिळाला आणि कुणीतरी त्याला बोलावून आणलं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"दोन दिवस झाले असतील."

पलीकडून तो भराभर सांगू लागला. "वहिनी, नीट ऐका. चिमट्यानं दिसतील तेवढे किडे काढा. टर्पेंटाईन लावू नका, बैलाला चालतं, याला नाही. आत शिरलेत त्यांना इंजेक्शन लागेल, ते माझ्याकडे आहे. इथून गाडी मिळून पोचायला चार वाजतील. आणि कितीही झटापट करू लागला तरी उताणा करू नका. जमलं नाही तर राहू द्या. मी येईपर्यंत राहू द्या."

ती चिमटा घेऊन परतली तेव्हा चंदाबाई सशापाशी बसलेल्या होत्या. कुशाबाईही आली होती आणि कमरेवर हात ठेवून उभी होती.

"चिमटा ठेव," चंदाबाई म्हणाल्या. "चिरडतील."

"मम्मीजी, ते त्याला खातायत."

"मला दिसतंय." त्यांचा आवाज सात दिवसांच्या उपवासानं कुजबुजीएवढा झाला होता. "मला दिसत नाही असं समजू नकोस. पण एकाला अभय दिलं म्हणून शंभरांचं मरण आपण विकत घ्यायचं? त्यांनी काय केलं? जिथं जन्मले तिथं खातायत. मी काढते. एकेक काढते. एकही राहणार नाही आणि एकही मरणार नाही."

"शेटाणीबाई, दिस मावळंल," कुशाबाई म्हणाली.

"मावळू दे."

त्यांनी तोंडाला पांढऱ्या कापडाची मुहपत्ती बांधली, चष्मा पुसला, पूंजणीच्या लोकरीच्या चार दशा, चार धागे, वेगळ्या केल्या. शेजारी एका करवंटीत पिकून फुटलेला पेरू ठेवला. काढलेल्या किड्यांना तिथं सोडायचं होतं. रिंकू बघत राहिली. सात दिवसांची उपाशी ती म्हातारी बाई, जिचा हात पाण्याचा पेला धरतानाही थरथरत होता, किड्यांसाठी जेवण मांडून बसली होती. तिच्यावर रागावणंही रिंकूला जमेना.

सशाला नीट धरून काम होईना. पूंजणी लागली की तो शेपटी मिटून घेई, अंग आखडी, पुढे झेपावे. दोनदा रिंकूनं त्याला सांगितल्याप्रमाणे सोडून दिलं. दोनदा तो पलंगाखाली गेला आणि दोनदा त्याला बाहेर काढावं लागलं. त्याच्या मागे फरशीवर ओला माग उमटत होता. तासाभरात करवंटीत सात-आठ किडे जमले होते.

फतेचंद दारात उभे होते. तो रवा म्हणजे माशीची अंडी होती, हे त्यांना आता कळलं होतं. ते सकाळपासून कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. "उताणा करा," ते हळूच म्हणाले. "क्षणात शांत होईल. तुमचं काम होईल."

"डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"डॉक्टर मढला आहेत, बेटा."

"वहिनी, मी न्हाई धरायची उताणा," कुशाबाई म्हणाली. "पाया पडते. मला सांगू नका."

कुणी तिला सांगितलं नव्हतं. रिंकूनं घड्याळ पाहिलं. साडेअकरा. चार वाजायला साडेचार तास होते. शेपटीखालची लव हलतच होती. अरिहंत शाळेत गेला होता. सकाळी निघताना तो एकदा खोकला होता. एकदाच. सकाळपासून तो खोकला तिच्या कानांत होता.

तिनं सशाला स्वतःच उताणं केलं.

तो लगेच निश्चल झाला. फतेचंदांनी सुस्कारा सोडला. चंदाबाई खाली वाकल्या आणि काम खरंच सुरू झालं. एक, मग एक, मग एक. लोकरीच्या दशेवर पांढरा ठिपका उचलून येई, पेरूवर उतरे. खोलीत पावसाखेरीज कशाचा आवाज नव्हता. रिंकूचा एक हात सशाच्या छातीवर होता आणि दुसरा कमरेखाली. छातीचे ठोके तिला लागत होते, पण ते एकमेकांत मिसळले होते. वेगळे मोजता येत नव्हते. सशाचे डोळे छताकडे होते. बारा वाजले. साडेबारा वाजले. कुशाबाई खोलीतून निघून गेली. चंदाबाईंच्या कपाळावरून घाम मुहपत्तीत उतरत होता.

"थोडे राहिले," त्या म्हणाल्या. "किती समभावानं सोसतोय बघ."

एकच्या सुमाराला त्यांच्या थकलेल्या हातातून पूंजणी घसरली आणि तिची दांडी उघड्या मांसाला लागली.

ससा जागा झाला. त्याचं सगळं अंग एकदम धनुष्यासारखं वाकलं, मागचे पाय हवेत सुटले. तो पडेल, या एका भयानं रिंकूचा हात त्याच्या कमरेवर आवळला गेला. ओल्या भुईमुगाची शेंग दाबून फोडावी, तेवढाच आवाज झाला. चंदाबाईंना तो ऐकूही आला नाही.

पुन्हा सगळं निश्चल झालं.

"झालं, शांत झाला," फतेचंद दारातून म्हणाले.

रिंकूनं सशाला पोत्यावर पालथं ठेवलं. त्यानं पुढचे पाय रोवून अंग ओढलं. मागचे पाय मागून आले, तसेच, एकावर एक पडलेले.

आदेश चारला आला तेव्हा शाळा सुटलेली होती आणि अरिहंतला कुशाबाईनं दुकानात बसवून ठेवलं होतं. आदेशनं मागच्या पायांच्या बोटांना चिमटा काढला. मग जोरात काढला. ससा समोर बघत राहिला.

"उताणा केला होता?" त्यानं विचारलं.

"मी केला," रिंकू म्हणाली.

तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "कणा गेलाय. पाय परत येणार नाहीत, लघवी आपोआप होत राहील, अंग ओलं राहील. पुन्हा माश्या. आज किड्यांचं इंजेक्शन देऊ शकतो. पण खरं सांगायचं तर दुसरं इंजेक्शन द्यायला हवं. झोपेचं. जास्त."

"नाही," फतेचंद म्हणाले. "मी त्याला सुरीखालून काढून आणलाय. सुईखाली द्यायला?"

"मी त्याची सेवा करीन," चंदाबाई म्हणाल्या. "जितके दिवस असतील तितके. मरण देण्याचा अधिकार आपल्याला नाही."

"त्याला आता कळत नाही ना काही?" रिंकूनं विचारलं. "मागं?"

"मागं नाही." आदेशनं सशाच्या गालापाशी बोट नेलं. आतून करकर असा बारीक आवाज येत होता, दगडावर दगड घासावा तसा. "हे दात. असह्य झालं की खातात. मोडलंय तिथून वर त्याला सगळं कळतंय, वहिनी. तो ओरडत नाही एवढंच."

रिंकू ऐकत राहिली. सशाला काही झालं तर काय होईल, याची भीती ती सहा महिने उशाशी घेऊन झोपली होती. तो जगावा असं तिच्याइतकं या घरात कुणालाच वाटत नव्हतं. सासूबाईंना धर्म होता, सासऱ्यांना दिलेला शब्द होता, तिला मुलगा होता. आणि त्या मुलासाठीच हे दात असेच वाजत ठेवायचे, उद्या, परवा, पावसाळाभर. आपण नेमकं हेच मागतो आहोत, हे तिला स्वच्छ दिसलं.

"द्या," ती म्हणाली.

"रिंकू," चंदाबाई म्हणाल्या.

"पाप माझं, मम्मीजी. तुम्ही बाहेर जा."

चंदाबाई बाहेर गेल्या नाहीत. त्या खाली बसल्या, त्यांनी मुहपत्ती सोडली आणि सशाच्या लांब कानाशी तोंड नेऊन नवकार मंत्र म्हणू लागल्या. रिंकूनं एक हात सशाच्या छातीखाली घातला आणि दुसरा मागच्या अंगाखाली, आणि त्याची कूस पोटाशी टेकवली. ठोके तिच्या तळव्याला लागत होते तोवर लागले.

सूर्य मावळायला अर्धा तास होता. त्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे, मुलंही नाही. रिंकूनं खिचडीची ताटली घेऊन अरिहंतला ओसरीवर बसवलं. पाऊस थांबून माळशेजच्या बाजूला पिवळा उजेड पडला होता.

"ससा कुठाय?"

"गेला, बेटा. मेला."

त्यानं डोळे मोठे केले, पण रडला नाही. "मग आता मला ताप येणार?"

"नाही."

"तूच म्हणायचीस."

"मी खोटं म्हणत होते. औषध घ्यावंस म्हणून."

"कशानं मेला?"

तिला सांगता आलं असतं, किड्यांनी. ते अर्धं खरं होतं. "माझ्या हातून त्याचं हाड मोडलं. फार दुखत होतं. मग मी डॉक्टरांना सुई द्यायला सांगितली."

मुलानं तिच्या हाताकडे पाहिलं. घास भरलेला होता. तो सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला आणि त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

"अरि, एक घास. दिवस मावळतोय."

तो मान हलवीना. तिच्या चेहऱ्याकडेही बघेना. बघत होता फक्त बोटांकडे. उजेड अंगणातून सरकून तुळईवर चढला.

चंदाबाई आतून भिंतीला धरत आल्या आणि दोघांच्या मध्ये बसल्या. "आईच्या हातचं खा," त्या म्हणाल्या. त्यानं ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी रिंकूच्या हातातून ताटली घेतली आणि सात दिवसांच्या उपाशी हातानं एक घास त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं तोंड उघडलं.

उजेड होता तोवर तो जेवला, आणि प्रत्येक घासाला आईचे हात कुठं आहेत ते बघत राहिला. रिंकूनं ते मांडीवर, त्याला दिसतील असे, उघडे ठेवले होते.